गॅसवर घावन जाळणारा पोसायडनचा मुलगा

रत्नागिरीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते :

"नमस्कार ताई. माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. त्याचे बाबा बोटीवर असतात. सहा-सात महिने नसतात, मग दोन-तीन महिने घरी. मुलाला वाचनाचं नाव काढलं की पोटात दुखायचं. गेल्या वर्षी तपासणी केली, तर डिसलेक्सिया निघाला. त्याच सुमारास मामानं पर्सी जॅक्सनचं पहिलं पुस्तक दिलं. दोन पानं मी वाचायची, एक त्यानं, असं करत आता तो तिसऱ्या पुस्तकात आहे. खरं तर आनंद व्हायला हवा, पण रोज नवं प्रकरण. परवा जेवायच्या आधी घावनाचा तुकडा गॅसच्या ज्योतीवर धरून जाळला. म्हणे देवांचा वाटा. सासूबाई भडकल्या : रामरक्षा येत नाही आणि परक्यांच्या देवांना नैवेद्य! दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांनाच विचारलं, 'आजी, आपला गणपती पण मिथॉलॉजीच ना?' त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. झ्यूसच्या बायका मोजतो. मेडुसाचं नेमकं काय चुकलं, असं पाहुण्यांसमोर विचारतो. वाचनाच्या खास वर्गाला जायला नको म्हणतो, कारण 'ही माझी पॉवर आहे.' आणि भाट्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून लाटांना हुकूम सोडतो. विचारलं तर म्हणाला, 'माझे बाबा पोसायडन आहेत, म्हणून त्यांना घरी राहता येत नाही.' मला रडूच आलं. पुस्तकं बंद करू का?"

नका करू. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या जळक्या घावनापाशी अडखळले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. इतर वाचकांसाठी एक ओळ : पर्सी जॅक्सन हा अमेरिकन लेखक रिक रायर्डनच्या मालिकेतला न्यूयॉर्कचा मुलगा, आई माणूस आणि बाप ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन; अशा देवांच्या मुलांची एक छावणी असते, तिथे तो जातो.

आधी गॅसचं. ज्योतीवर खाणं धरून जाळायचं नाही, हे ठामपणे सांगा आणि त्यात कुठलेच देव आणू नका. बाही पेटते, बोटं भाजतात, इतकं कारण पुरेसं आहे. मग शांतपणे बसून त्याला विचारा की पुस्तकात हे नेमकं कसं आहे. तो सांगेल की त्या छावणीतली मुलं जेवायला बसण्याआधी ताटातला चांगला घास आगीत टाकतात आणि धुराचा वास देवांपर्यंत पोचतो. लेखकानं हे पदरचं घातलेलं नाही. इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्यात अकिलीस या योद्ध्याच्या तंबूत पाहुणे येतात, मांस भाजून होतं, पानं मांडली जातात, आणि कुणी घास उचलण्याआधी अकिलीस आपल्या मित्राला, पॅट्रोक्लसला, देवांचा वाटा आगीत टाकायला सांगतो. युद्ध चालू आहे, यजमान रुसून बसलेला आहे, तरी तेवढं चुकत नाही.

आता सासूबाईंकडे वळा. त्यांनी आयुष्यभर पहिली पोळी गाईसाठी बाजूला काढली असेल. सासरे ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाहेर ठेवत असतील. चित्राहुती म्हणतात तिला, आणि हा शब्द तुमच्या मुलानं बहुधा ऐकलेलाही नाही. नातवानं जे केलं ते आजीच्या घरात तीन पिढ्या चाललेलं आहे. फक्त त्याला ते न्यूयॉर्कमार्गे कळलं. त्यांना हे असं तोंडावर सांगू नका, वाद होईल. त्यापेक्षा मुलालाच त्यांच्याकडे पाठवा, "आजी, आजोबा जेवायच्या आधी पाणी का फिरवायचे?" एवढा एकच प्रश्न घेऊन. माझा अंदाज आहे की रात्रीचं जेवण अर्धा तास लांबेल.

तेवढ्यात एक ग्रीक गोष्ट त्याच्या पदरात टाका, कारण ती मुलांना फार आवडते. माणसांनी देवांना नेमकं काय द्यायचं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा माणसांची बाजू घेणाऱ्या प्रॉमिथिअसनं बैलाचे दोन वाटे केले. एकात चांगलं मांस, पण वरून बैलाच्या पोटाची ओंगळ पिशवी. दुसऱ्यात नुसती हाडं, पण वरून चकचकीत चरबी. देवांचा राजा झ्यूस, त्यानं चरबी बघून हाडांचा वाटा उचलला. तेव्हापासून देवांना हाडं आणि धूर, माणसांना मांस. चिडून झ्यूसनं माणसांचा अग्नी काढून घेतला, आणि तो प्रॉमिथिअसनं चोरून परत आणला. म्हणजे ज्या ज्योतीवर तुमच्या चिरंजीवांनी घावन धरलं, तिच्यावरून देवांशी भांडण झालेलं आहे. हे ऐकल्यावर तो गॅसकडे जरा जपून बघेल.

गणपतीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. मुलांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी हा मला सगळ्यात खरा वाटतो आणि आपण मोठी माणसं त्याला घाबरतो. त्यानं दोन गोष्टी शेजारी ठेवल्या : इथे हत्तीचं शीर असलेला देव, तिथे घोड्याचं धड असलेला गुरू. एकाला आपण कथा म्हणतो, दुसऱ्याला हात जोडतो. फरक काय, असं तो विचारतोय. यात उद्धटपणा कुठे आला?

मी असते तर त्याला सूनियनची गोष्ट सांगितली असती. अथेन्सपासून साधारण ७० किलोमीटरवर समुद्रात घुसलेला एक कडा आहे, त्यावर पोसायडनचं देऊळ. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. आता छप्पर नाही, पांढरे संगमरवरी खांब तेवढे उभे आहेत. बाहेरून येणाऱ्या खलाशांना ते लांबून दिसायचं आणि घर जवळ आल्याचं कळायचं. त्या देवळात कधी काळी कुणाची तरी आई येऊन म्हणाली असेल, माझं पोर समुद्रावर आहे, सांभाळ. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडताना हेच मागतात ना? तुम्ही स्वतः मागत असाल. ती आई पोसायडनला 'मिथॉलॉजी' म्हणाली नसती. तिच्यासाठी तो देवच होता. चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांचे बळी आणि पूजा कायद्यानं बंद पाडल्या. हळूहळू देवळं ओस पडली, आरत्या थांबल्या, गोष्टी उरल्या. गणपतीच्या गोष्टीही आहेत आणि भाद्रपदात दारात त्याची वाट बघणारी माणसंही आहेत. एवढं सांगा आणि थांबा. पुढचं त्याचं त्याला ठरवू द्या. अकरा वर्षांच्या मुलाकडून श्रद्धेची परीक्षा घेतली तर तो फक्त उत्तर पाठ करतो.

'परक्यांचे देव' याबद्दल एक गंमत. झ्यूस हे नाव आणि आपल्या वेदांतला द्यौः, हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. ऋग्वेदात 'द्यौष्पितर' आहे, ग्रीकमध्ये 'झ्यूस पातेर', आणि रोमनांचा ज्युपिटर म्हणजे तेच जोडून म्हटलेलं. आकाशबाबा. भाषाशास्त्रातलं हे पक्कं नातं आहे. पण म्हणून लगेच "बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं" असं कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर तुम्ही पुढे पाठवू नका. सख्खी चुलत भावंडं आहेत, कुणी कुणाचा बाप नाही.

आता झ्यूसच्या बायका आणि मेडुसा. पाहुण्यांसमोर विचारलं म्हणून तुम्ही कानकोंड्या झालात, ते समजू शकते. पण या गोष्टी मुळात मुलांसाठी नव्हत्याच. मुलांसाठीच्या आवृत्त्यांमध्ये गाळून, धुऊन त्या दिल्या जातात आणि चलाख मुलांना गाळलेली जागा बरोबर दिसते. झ्यूसबद्दल त्याला सरळ सांगता येईल की त्याच्या हातात सत्ता होती आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून तो मनाला येईल तसा वागला, आणि त्याचा त्रास बायकांना आणि मुलांना झाला. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. त्याहून कमी सांगितलं तर तो मोबाइलवर शोधेल, आणि मोबाइल त्याहून बरंच जास्त सांगेल.

मेडुसाच्या दोन गोष्टी आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० मधला हेसिअड सांगतो की ती जन्मानंच गॉर्गन, म्हणजे भयंकर राक्षसीण, तीन बहिणींपैकी एकटी मर्त्य. त्यानंतर सातेकशे वर्षांनी ओव्हिड हा रोमन कवी वेगळंच सांगतो : ती सुंदर होती, समुद्रदेवानं तिच्यावर देवळात जबरदस्ती केली, आणि देवळाच्या देवीनं शिक्षा केली ती तिलाच. केसांचे साप केले. देवाला कुणी काही बोललं नाही. तेव्हा तुमच्या मुलानं विचारलं, तिचं काय चुकलं? काहीच नाही. असंच उत्तर द्या. आणि त्याला सांगा की हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडे अहल्या आहे. फसवलं इंद्रानं, शिळा झाली ती. एक दगड होते, दुसरीच्या नजरेनं इतरांचे दगड होतात. या दोघींना शेजारी बसवून तुमच्या घरी एक संध्याकाळ बोलणं झालं, तर ते मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा फार पुढचं असेल. 'जबरदस्ती' या शब्दाचा अर्थ त्यानं विचारला, तर सांगायला तुम्ही तयार राहा. सहावी हे त्यासाठी लवकरचं वय नाही.

एक अडचण मात्र येणार. मेडुसाचा गुन्हेगार तो समुद्रदेव म्हणजे पोसायडन, आणि पोसायडन म्हणजे तुमच्या मुलाच्या मते बाबा. इथून पुढे जरा हळू जाऊ.

त्याआधी 'पॉवर'चं बघू, कारण ते दिसतं त्याहून सोपं आहे. या पुस्तकांचा जन्मच तुमच्या घरासारख्या घरात झाला. रिक रायर्डन हा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा. त्याचा मुलगा दुसरीत होता, त्याला डिसलेक्सिया आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही), वाचन म्हणजे शिक्षा. फक्त वर्गात चाललेल्या ग्रीक गोष्टींत त्याचा जीव रमायचा. बाप रोज रात्री त्या सांगायचा. एक दिवस साठा संपला, तर पोरगा म्हणाला, त्याच माणसांची नवी सांग. मग बापानं एक मुलगा रचला, ज्याला अक्षरं तरंगताना दिसतात कारण त्याचा मेंदू जुनं ग्रीक वाचायला बनलेला आहे, आणि जो वर्गात स्वस्थ बसत नाही कारण त्याचं अंग लढाईसाठी सावध आहे. तीन रात्री ती गोष्ट चालली. पुस्तक २००५मध्ये आलं.

तेव्हा तुमच्या मुलानं त्या गोष्टीतून जे घेतलं, ते तिथे त्याच्यासाठीच ठेवलेलं होतं. वर्षभर 'आळशी', 'लक्ष नाही' ऐकल्यावर कुणीतरी त्याला पहिल्यांदा वेगळं कारण दिलं. ते काढून घेऊ नका. मात्र खास वर्ग सोडायचा नाही, आणि त्यासाठी पुस्तकातलाच साक्षीदार बोलवा. पर्सीला देवाचं रक्त असूनही कायरॉन, म्हणजे तो घोड्याच्या धडाचा गुरू, लागतो. ग्रीक कथांमध्ये अकिलीसला तोच गुरू, जेसनला तोच, वैद्यकाचा देव अस्क्लेपिअसलाही तोच. ज्याच्यात पॉवर आहे त्यालाच शिक्षक लावतात, इतरांसाठी कोण एवढा खर्च करतो? त्या वर्गाच्या बाईंना तुम्ही खासगीत हे सांगून ठेवा. बाई रसिक असतील तर घोड्याच्या टापांचा आवाज काढतील. शिवाय प्रमाणपत्राची फाईल नीट जपून ठेवा. दहावीला बोर्डाच्या सवलती घ्यायच्या असतील तर ती लागते, आणि तिथे पोसायडनची ओळख चालत नाही.

'दोन पानं मी, एक तो' ही तुमची पद्धत उत्तम आहे. कानानं ऐकलेलं वाचनच असतं. तो स्वतःहून म्हणेपर्यंत प्रमाण बदलू नका.

आता बाबा.

बरीच वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात होते. पाचवी-सहावीला आठवड्यातून एक तास गोष्टीचा असायचा. एकदा मी घटोत्कच सांगत होते. आपण सांगतो तसंच, मायावी, प्रचंड, रात्री बळ वाढणारा, कर्णाची शक्ती स्वतःवर घेऊन अर्जुनाला वाचवणारा. युद्धाच्या भागाला मुलं खूश. शेवटी काही विचारायचंय का म्हटलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, भीम त्याला भेटायला कधी यायचा?" मी गप्प. इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. भीम हिडिंबेपाशी राहिला तो मूल होईपर्यंत. मग पांडव पुढे निघून गेले. घटोत्कच आईनं वाढवला, जंगलात. आणि जाणाऱ्या बापाला अडवत नाही, वर सांगतो की गरज पडली की आठवण काढा, मी येईन. बापानं नाही, पोरानं दिलेलं वचन आहे ते. तो आलाही. वनवासात थकलेल्या द्रौपदीला खांद्यावर घेऊन डोंगर चढला.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील कुठे होते, ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून मला पक्कं वाटतं की देवाचा मुलगा असण्याच्या गोष्टी मुलांना आवडतात त्या तलवारीसाठी नाही. त्यात बाप मोठा असतो आणि नसतो. पर्सीचं तेच, घटोत्कचाचं तेच, पेटीत घालून नदीत सोडलेल्या कर्णाचं तर विचारूच नका. आणि मूळ ग्रीक पर्सिअसही आईबरोबर लाकडी पेटीत बंद करून समुद्रात सोडलेलाच. दोन्ही पेट्या कुठेतरी काठाला लागल्या, एकीतल्याला सूताचं घर मिळालं, दुसरीतल्याला कोळ्याचं.

म्हणून तो 'माझे बाबा पोसायडन आहेत' म्हणतो यात मला वेडेपणा दिसत नाही. त्यानं स्वतःची समजूत घातली आहे, आणि फार हुशारीनं घातली आहे. बाबा नाहीत हे खरं. बाबांना मी आवडत नाही म्हणून ते नाहीत, असं नाही. नियमच तसा आहे, ते समुद्राचे आहेत. दुसरं एखादं मूल याहून वाईट कारण शोधतं आणि ते कुणाला सांगतही नाही.

तुम्हाला रडू आलं, कारण त्यात तुमचंही काही आहे. पर्सीच्या आईकडे लक्ष देऊन वाचा. पहिल्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली व्यक्ती तीच आहे. सगळे देव आपापल्या भांडणात, आणि ही बाई नोकरी करून एकटी पोराला वाढवतेय. तुमच्या मुलानं ती दोनशे पानं तुमच्याच तोंडून ऐकली आहेत, हे विसरू नका.

करायचं काय? त्याला खोडून काढू नका आणि त्याच्या खेळात फार आतही शिरू नका. "हो, तुझे बाबा पोसायडनच" असं आपण म्हटलं की खेळ संपतो आणि खोटं सुरू होतं. त्यापेक्षा त्याच्या बाबांना सांगा. सगळं सांगा, भाट्याच्या किनाऱ्यासकट. बोटीवरच्या माणसाला घरचं हे असलं कुणी कळवत नाही. त्याला फी भरली का आणि गिझर दुरुस्त झाला का, एवढंच कळतं. पहिलं पुस्तक फोनवर उतरवून घेऊन त्यांनी वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, संपल्यावर रोज पाच पानं वाचावीत. मुलाच्या मागे राहिले तरी चालेल, उलट बरंच. कुठपर्यंत आलात, असं विचारायला मुलाला काहीतरी मिळेल. एरवी 'जेवलास का, अभ्यास काय म्हणतो' यानंतर फोनवर दोघंही गप्प होतात, हे मी पैजेवर सांगते.

आणि अजून एक. जहाजावर रोज दुपारी बाराची जागा नोंदवतात, अक्षांश-रेखांशासकट. नेटवर्क मिळेल तेव्हा ते दोन आकडे त्यांनी मुलाला पाठवावेत, आणि कंपनीची हरकत नाही ना, तेवढं आधी विचारून घ्यावं. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावा. आकडे बघून टाचणी त्यानंच टोचायची. डिसलेक्सिया असलेल्या काही मुलांची आकड्यांतही उलटापालट होते, तेव्हा टाचणी कधी सहारात जाईल; हसा आणि परत बघायला सांगा. बोट कधी अथेन्सच्या पिरेअस बंदराला लागली तर सूनियनचे खांब दिसतात का, ते बाबांनी बघून कळवावं.

तो चिडलाय का, हेही बघा. पर्सी आपल्या बापावर चांगलाच चिडलेला असतो. याच मालिकेत आणखी एक मुलगा बापानं दुर्लक्ष केलं म्हणून पार दुसऱ्या टोकाला जातो. त्याचं नाव लिहीत नाही. तुमचा मुलगा तिसऱ्या पुस्तकात आहे, त्याला हे केव्हाच ठाऊक असेल, पण इतर वाचकांचा विचार करायला हवा. त्या मुलाबद्दल तुला काय वाटतं, असं त्याला विचारून बघा. स्वतःच्या बाबांबद्दल जे बोलता येत नाही, ते त्या निमित्तानं कधी कधी बाहेर येतं. आलं, तर बाबांची बाजू मांडायची घाई नको.

समुद्राचा नियम वेगळा. हुकूम सोडायचा तो कोरड्या वाळूवरून, किंवा बरोबर मोठं माणूस असेल तर पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यातून. पावसाळ्यात तेही नाही. हे कोकणातल्या आईला मी सांगायला नको, पण एकदा लिहून टाकते. आणि मित्र सोडून तो सतत याच जगात राहायला लागला, झोप उडाली, किंवा खरोखरच लाटा आपलं ऐकतात असं त्याला वाटू लागलं, तर तपासणी जिथे केली त्या समुपदेशकांना भेटा. पत्रावरून तरी मला तसं काही दिसत नाही.

सासूबाईंसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. ऑलिंपस उचलून न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर ठेवण्याची या लेखकाची कल्पना मला फारशी रुचलेली नाही. ग्रीसमधल्या आज्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पण एक शिकण्यासारखं आहे. तो देवांच्या गोष्टी सांगताना शेवटी तात्पर्य सांगत नाही. आपण सांगतो. श्रावणबाळ सांगितला की लगेच 'बघ, आणि तू?' मुलं गोष्टीला कंटाळत नाहीत, त्या 'आणि तू'ला कंटाळतात. आजींना श्रावणातल्या कहाण्या येत असतील. खुलभर दुधाची सांगायला लावा. राजाचा हुकूम होतो की गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणा. लोक पोरांच्या, वासरांच्या तोंडचं काढून आणतात आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरातल्या पोराबाळांना देते, वासरांना देते, उरलेलं खुलभर घेऊन जाते आणि गाभारा भरतो. राजाचा हुकूम मोडणारी म्हातारी! पर्सी वाचणाऱ्या मुलाला ही कळणार नाही असं होऊच शकत नाही. फक्त 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून झालं की आजींनी पुढे एक अक्षर बोलायचं नाही. हे त्यांना जमवा, कठीण आहे.

पांडवांवरून अशीच साहसकथा हवी असेल तर रोशनी चोक्शी या अमेरिकेतल्या लेखिकेची मालिका आहे, २०१८पासूनची, आरू शाह नावाच्या मुलीची. इंग्रजीत आहे. ती द्या, पण औषध म्हणून नको. 'ते पुरे, आता हे आपलं वाच' असं म्हणून दिलेलं पुस्तक कपाटात जातं.

आणि पुढच्या सुट्टीत त्याचे बाबा घरी आले की तिघं, जमलं तर आजींना घेऊन चौघं, कोल्हापूरला जा. आंबा घाटातून तीन-साडेतीन तास. अंबाबाईचं दर्शन झालं की टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाकडे वळा. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन काळातल्या कांस्याच्या वस्तू सापडल्या, त्यात पोसायडनची लहानशी मूर्ती होती. ती या संग्रहालयाची. दोनेक हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी बोटीतून आपल्याच किनाऱ्यावर उतरून, घाट चढून ती वर गेली असणार. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान देणाऱ्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांकडच्या लोकांची, नावं कोरलेली आहेत, तेव्हा त्या काळी ही मंडळी इथे नवखी नव्हती. निघण्याआधी फोन करून मूर्ती बघायला ठेवली आहे ना, एवढं विचारून घ्या.

मूर्तीच्या हातात त्रिशूळ आहे की नाही, ते मी सांगत नाही. बाबांना आणि त्याला बघू दे.